एक टन की दीड टन? आपल्या पट्ट्यातल्या घरांचा एसीचा हिशेब

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित अवतार. संध्याकाळच्या लोकलमध्ये कल्याणपर्यंत खिशातला फोन काढायलाही जागा नसते, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे ज्यांचं ऐकायचं राहिलं त्यांनी हे आरामात वाचा. बोललो तसंच ठेवलंय, फक्त आकडे नीट मांडलेत. आणि आकडे आले म्हणून पळू नका, सगळं बेरीज-वजाबाकीचंच काम आहे.

मार्च संपत आला की मला येणाऱ्या निम्म्या मेसेजमध्ये एकच प्रश्न असतो: "एक टन घेऊ की दीड टन?" यंदा त्यातला एक व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. बदलापूर पूर्वेची एक मुलगी. वन बीएचके, बिल्डिंगचा शेवटचा मजला, बेडरूम पश्चिमेला. वडील एमआयडीसीत नाइट शिफ्टला, म्हणजे झोपणार सकाळी नऊला आणि उठणार दुपारी चारला. तिची नोकरी नवी, एसी ईएमआयवर घ्यायचाय. दुकानदार म्हणाला, "टॉप फ्लोअर आहे ना, मग डोळे झाकून दीड टन." तिचा प्रश्न असा: "दादा, डोळे उघडे ठेवून सांगा ना."

तर चला, डोळे उघडे ठेवून बघू.

टन म्हणजे नेमकं काय?

एसीचा टन म्हणजे मशीनचं वजन नाही, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण मग तो आहे काय? यंत्रं येण्याआधी थंडाव्यासाठी बर्फ वापरायचे. एक अमेरिकन टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, ती क्षमता म्हणजे एक टन. आजच्या मापात तासाला १२,००० बीटीयू, किंवा अंदाजे ३,५०० वॉट.

हा ३,५०० चा आकडा लक्षात ठेवा, आजचं सगळं गणित त्यावर आहे. एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून खरा प्रश्न असा की खोलीत दर क्षणाला किती वॉट उष्णता घुसते? जेवढी घुसते तेवढी उचलणारं मशीन हवं. दुकानात विचारतात तो खोलीचा स्क्वेअर फूट. पण स्क्वेअर फूट उष्णता देत नाही. उष्णता देतात छत, भिंती, खिडक्या, माणसं आणि फटी.

"मोठा घेतला तर बिघडलं कुठे?"

हा सगळ्यांचा पुढचा प्रश्न. पंक्तीत जास्त वाढलं तर चालतं, तसं एसीचं नाही.

थोडा इतिहास सांगतो. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यात अडचण होती. हवेतल्या ओलाव्यामुळे कागद फुगायचा, आकसायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने त्यावर जी यंत्रणा आखली, तिला आधुनिक एसीची सुरुवात मानतात. म्हणजे बघा, या यंत्राला मिळालेलं पहिलं मोठं काम हवा कोरडी करण्याचं होतं.

आपल्यालाही तेच काम हवंय. आपला उकाडा नागपूरचा नाही. तिकडे हवा कोरडी, कूलरला पाणी घातलं की काम झालं. आपल्याकडे घाम येतो आणि अंगावरच राहतो. एसीच्या थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते, तिचं पाणी होऊन पाइपातून गळतं. हे पाणी काढायलाही शक्ती लागते. एक लिटर वाफेचं पाणी करायला अंदाजे ६८० वॉट-अवर इतकी उष्णता उचलावी लागते.

आता छोट्या खोलीत मोठा एसी लावला तर? खोली दहा मिनिटांत २४ वर येते आणि कॉम्प्रेसर थांबतो. तापमान उतरलं, पण तेवढ्या वेळात ओलावा पुरेसा निघालाच नाही. अंग गार आणि चादर चिकट. मग आपण रिमोट घेऊन २० करतो, गारठतो, बंद करतो, पुन्हा घामाघूम. जुलैच्या रात्री हा खेळ जास्त रंगतो, कारण तेव्हा बाहेर उष्णता कमी आणि ओलावा भरपूर असतो.

"पण माझा तर इन्व्हर्टर आहे, तो आपोआप कमी होतो." बरोबर, होतो. पण त्यालाही खालची मर्यादा असते. मोठं मशीन एका ठरावीक पातळीखाली उतरू शकत नाही. गरज त्याहून कमी असेल तर तेही चालू-बंद करायला लागतं. ही किमान क्षमता कंपनीच्या ब्रोशरमध्ये दिलेली असते. घेण्याआधी विचारा.

आपला पट्टा मुंबईसारखा का नाही?

टीव्हीवर कुलाबा-सांताक्रूझचं तापमान सांगतात आणि आपण बदलापुरात वितळत असतो. कारण साधं आहे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा मुंबईला आधी मिळतो. रेल्वेने सीएसएमटीपासून जवळपास ६८ किलोमीटरवर असलेल्या बदलापूरपर्यंत तो उशिरा आणि थकून येतो. त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी इथला पारा चाळिशी ओलांडतो, आणि पावसाळ्यात दमटपणा मात्र कोकणातलाच. म्हणजे एकाच एसीला दोन वेगळ्या परीक्षा द्यायच्या असतात.

अजून एक गोष्ट. एसीच्या लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४२ झालं की तीच मशीन थोडी कमी उष्णता उचलते. ढोबळमानाने दहा टक्के कमी धरून चाला. म्हणजे एक टनाचा एसी आपल्या मे महिन्यात सुमारे ३,२०० वॉटचाच समजायचा.

बदलापूरच्या त्या खोलीची बेरीज

खोली १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ. बाहेर ४० अंश, आत २५-२६ हवं. सगळ्यात वाईट वेळ, म्हणजे दुपारी चार-पाचची, धरू. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा पक्की आहे.

छत: वर उघडी गच्ची. उन्हात स्लॅबचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो. तिथून खोलीत अंदाजे ७३० वॉट.
खिडकी: चार बाय पाच फूट, साधी काच, पश्चिमेचं तिरकं ऊन थेट आत. अंदाजे ८०० वॉट.
पश्चिमेची भिंत: ३१० वॉट.
आतल्या भिंती आणि जमीन, कारण शेजारच्या खोलीत एसी नाही: ४०० वॉट.
दोन माणसं: २०० वॉट. हो, माणूस झोपला तरी उष्णता देतो.
पंखा, टीव्ही, चार्जर: १५० वॉट.
दारा-खिडक्यांच्या फटींतून येणारी गरम दमट हवा: २२० वॉट.

बेरीज २,८१० वॉट. म्हणजे ०.८ टन. शेवटचा मजला आणि पश्चिमेची खिडकी असूनही एक टनाची मशीन तग धरते. थोडी काठावर आहे, पण धरते. दीड टन लागतच नाही.

आता यादी परत वाचा. निम्म्याहून जास्त उष्णता फक्त दोन ठिकाणांहून येते: छत आणि खिडकी. तिथेच हात घालायचा.

एसीच्या आधी करायच्या गोष्टी

पहिली, खिडकीला बाहेरून सावली. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोपर्यंत ते काच ओलांडून आत आलेलं असतं आणि पडदाच तापतो. बाहेरून बांबूचा पडदा, हिरवी नेट किंवा छज्जा असेल तर ८०० चे ३०० होतात.

दुसरी, गच्ची. पांढरा परावर्तक रंग दिला की स्लॅब कमी तापतो. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी खास 'कूल रूफ' धोरणच आणलं. आपल्याकडे बऱ्याच सोसायट्या गळतीसाठी गच्चीवर पत्र्याची शेड टाकतात. चारी बाजूंनी हवा खेळती असेल तर तीच शेड स्लॅबवर छत्री धरते. फक्त नगरपरिषदेची परवानगी आणि सोसायटीचा ठराव आधी, पत्रा नंतर. यातलं काहीही केलं तरी ७३० चे साधारण ३५० होतात.

नवी बेरीज १,९३० वॉट. म्हणजे ०.५५ टन. आता एक टनाची मशीन आरामात चालेल, वडिलांना नीट झोप लागेल आणि ओलावाही निघेल.

तिसरी गोष्ट फुकटातली. उष्णतेलाही टाइमटेबल असतं. सहा इंची स्लॅब दुपारी खाल्लेलं ऊन चार-पाच तासांनी खाली सोडतो, म्हणून टॉप फ्लोअरवाल्यांना रात्री नऊलाही छतातून झळ लागते. पश्चिमेची खिडकी दुपारी दोननंतर तापते, पूर्वेची सकाळी. दिवसा झोपणाऱ्याने हे बघून खोली निवडायची. त्या मुलीचा हॉल पूर्वेला असेल, तर बारानंतर तिथे ऊन नाही. एसी कुठल्या खोलीत लावायचा, हा निर्णय टनाइतकाच महत्त्वाचा आहे. मी तिला हेच कळवलं: आधी खिडकी, मग सोसायटीला अर्ज, मग एक टन. आणि वडील झोपायच्या अर्धा तास आधी चालू कर, कारण तापलेल्या भिंतींना निवायला वेळ लागतो.

अंबरनाथचा मधला मजला, उल्हासनगरचा पत्रा

हीच १० बाय १२ ची खोली अंबरनाथला सात मजली बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर ठेवू. वर शेजाऱ्यांचं घर, खिडकी पूर्वेला, त्यावर छज्जा. बाहेरची भिंत १५०, खिडकी २५०, आतल्या भिंती, छत, जमीन मिळून ५५०, माणसं २००, उपकरणं १५०, हवा २२०. बेरीज १,५२० वॉट, म्हणजे अर्ध्या टनापेक्षाही कमी. इथे ०.८ टनाची मशीन पुरते. शेजाऱ्यांनी दीड टन लावला म्हणून आपणही लावला, तर गरजेच्या तिपटीहून जास्त झालं.

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं आली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला शहराला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प नंबर आजही पत्त्यात आहेत, आणि कितीतरी घरांवर आजही पत्रा आहे. तापलेला पत्रा खोलीला दर चौरस मीटरला साधारण २०० वॉट देतो. आपल्या ११ चौरस मीटरच्या खोलीत नुसत्या छतातून २,२०० वॉट. म्हणजे एक टनातला जवळपास दोन तृतीयांश हिस्सा पत्र्याशी भांडण्यातच संपला!

अशा घरात मोठा एसी घेणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. आधी पत्र्याला वरून पांढरा रंग, खाली फॉल्स सीलिंग आणि त्यावर दोन इंच इन्सुलेशन. मग छताचे २,२०० वॉट अडीचशेच्या आसपास येतात. उघडा थर्माकोल लावू नका, तो पटकन पेट घेतो. रॉकवूल किंवा ग्लासवूल विचारा. पत्रा आणि सीलिंगमधली गरम हवा बाहेर जायला वाट ठेवा.

आणि घरातच जीन्सच्या शिलाईचं काम चालत असेल तर हिशेब वेगळा. काम करणारा माणूस १५० वॉट धरा, आणि एक चालू इस्त्री १,००० वॉट. म्हणजे एक इस्त्रीच पाव टन खाते. तिला खिडकीपाशी, एसीच्या खोलीबाहेर जागा द्या.

लेबल वाचायला शिका

स्टार बघतो आपण सगळेच, पण खालची बारीक अक्षरं सोडतो. तिथे क्षमता वॉटमध्ये लिहिलेली असते. "दीड टन" म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन मॉडेलमध्ये काही शे वॉटचा फरक असू शकतो. म्हणून टनावर नाही, वॉटवर तुलना करा.

दुसरा आकडा आयसीआर म्हणून दुकानात पटकन सांगतात, त्याचं खरं नाव आयएसईईआर. वर्षभरात उचललेली उष्णता भागिले खाल्लेली वीज. जास्त तेवढं चांगलं. लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. रोज आठ तास धरले तर ते २०० दिवस झाले. तुमचा वापर कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात बदला.

बिल कुठे वाढतं?

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांचं आहे: १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००, मग त्यापुढे. प्रत्येक टप्प्याला दर चढतो. एसीचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापरावर जाऊन बसतात, म्हणजे महागड्या टप्प्यात.

उदाहरण घ्या. आठ तासांत खोलीतून सरासरी २,२०० वॉट उचलायचे असतील, तर चांगला इन्व्हर्टर महिन्याला अंदाजे १४० युनिट खाईल. छत आणि खिडकीची सोय करून सरासरी १,२०० वर आणली, तर ७५ च्या आत. दर महिन्याचे ६५ युनिट वाचले, तेही वरच्या टप्प्यातले. तुमच्या बिलावरचा दर लावून बघा, बांबूचा पडदा किती दिवसांत वसूल होतो ते. शिवाय ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी चालू करताना २४ वर सुरू होतात ते याचसाठी. २६ ठेवा आणि सोबत पंखा हळू लावा.

बसवताना नडतं ते

एवढा हिशेब करून बसवताना घोळ झाला तर सगळं पाण्यात. आउटडोअर युनिटला गरम हवा फेकायला मोकळी जागा हवी. बंद डक्टमध्ये किंवा ग्रिलच्या कोपऱ्यात कोंबलं तर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. ते ठेवायला जुन्या गॅलरीचा कठडा किंवा तडे गेलेला छज्जा नको. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात स्लॅब कोसळून माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये आधी भिंतीची तब्येत इंजिनिअरला दाखवा.

बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीजवळ तळमजल्यावर राहत असाल, तर युनिट उंचावर लावा. जुलै २०१९ चं पाणी आठवत असेलच. वालधुनीच्या किंवा कुठल्याही सांडपाण्याच्या नाल्याच्या काठी घर असेल, तर नाल्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांबं खातो आणि कॉइल गळायला लागते. तिथे कोटिंग असलेली कॉइल मागा.

पाइप शक्य तितका छोटा, पाणी जाणाऱ्या नळीला उतार, आणि एसीला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, नीट अर्थिंग. जुन्या घरात पंख्याच्या वायरवर एसी जोडायचा नाही म्हणजे नाही.

आणि हो, "हॉट अँड कोल्ड घेऊ का?" असंही दोघा-तिघांनी विचारलंय. जानेवारीत बदलापूरची पहाट मुंबईपेक्षा गार असते, मान्य. पण त्या चार थंड पहाटांना आजीची गोधडी पुरते. हीटिंगसाठी जादा पैसे घालू नका, ते खिडकीच्या सावलीला घाला.

दुकानात जाण्याआधी

आज रात्री एवढंच करा. फोनमधलं कंपास ॲप उघडा आणि खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघा. वर काय आहे ते लिहा: शेजारी, गच्ची की पत्रा. खोलीत कोण, किती वाजता झोपतं ते लिहा. मग वरच्या बेरजेत आपले आकडे घाला आणि ३,५०० ने भागा. दुकानदाराने तुमच्या बेरजेपेक्षा मोठा टन सांगितला, तर फक्त एवढंच विचारा, "ही जादाची उष्णता माझ्या खोलीत येते कुठून?" उत्तर पटलं तर घ्या, नाही तर पुढच्या दुकानात जा.

तुमच्या खोलीचे आकडे मला व्हॉइस मेसेजने पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही घरांची बेरीज सगळ्यांसमोर मांडू. तोवर पाणी प्या, दुपारचं ऊन टाळा. भेटूया!